मिरवणूक आणि मानवंदना

चांदनीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला असीरगड परका नाही. एप्रिल १८१९मध्ये शिंद्यांचे किल्लेदार जसवंतराव लाड यांना तो इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला आणि तिसरे इंग्रज-मराठा युद्ध संपले. त्याच युद्धात सव्वा वर्ष आधी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेच्या काठी कोरेगावची लढाई झाली होती. तिच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी लाखो लोक तेथील स्तंभापाशी जमतात. लढाई कोणी लढली आणि तिची आठवण कोण जपतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. सीमाभागातील वाचकांनी त्यांची गल्लत करू नये, म्हणून हा लेख.

दूरचे एक उदाहरण घेऊ. आयर्लंडमध्ये बॉयन नदीकाठी १६९० साली तिसऱ्या विल्यमने कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सचा पराभव केला. उत्तर आयर्लंडमधील प्रोटेस्टंट समाज दर १२ जुलैला नारिंगी पट्टे गळ्यात घालून, ढोल वाजवीत, त्या विजयाच्या मिरवणुका काढतो. त्या काढणारी ऑरेंज ऑर्डर ही संघटना स्थापन झाली १७९५ साली, म्हणजे लढाईनंतर १०५ वर्षांनी. डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले ते १ जानेवारी १९२७ रोजी, लढाईनंतर १०९ वर्षांनी. दोन्हीकडे लढाईला अर्थ दिला तो पुढच्या पिढ्यांच्या गरजेने.

पण त्या गरजा सारख्या नव्हत्या. तिकडे सत्तेत असलेल्या समाजाला आपले वर्चस्व टिकवायचे होते. इकडे ज्यांना माणूस म्हणूनच नाकारले गेले, त्यांना आपल्या शौर्याची नोंद दाखवायची होती. स्तंभावर कोरलेल्या कंपनीच्या मृतांपैकी ‘नाक’ हे पद लागलेली बावीस नावे महारांची मानली जातात. इंग्रजांनी पुढे महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा याच शौर्याचा दाखला देऊन शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारदरबारी अर्ज केले. दगडावरचे नाव हा येथे पुरावा होता.

आपल्या भाषेतही हा भेद उमटलेला आहे. ‘मिरवणूक’ हा शब्द ‘मिरवणे’ या क्रियापदापासून आला. त्यात इतरांना दाखवणे आहे. कोरेगावला जाणारा मात्र ‘मानवंदना द्यायला जातो’ असे म्हणतो. मिरवणुकीला रस्ता लागतो, मानवंदनेला एक जागा पुरते. उत्तर आयर्लंडमधील तंटे बहुतांशी रस्त्याचेच आहेत. पोर्टाडाउन येथील गार्व्हागी रोड या कॅथलिक वस्तीतून जाण्याचा ‘परंपरागत मार्ग’ आपला हक्क आहे, असे मिरवणूकवाल्यांचे म्हणणे. आमच्या दारातून आमचा पराभव का मिरवता, हा रहिवाशांचा प्रश्न. १९९८च्या सार्वजनिक मिरवणूक कायद्याने हा निर्णय पोलिसांकडून काढून एका स्वतंत्र आयोगाकडे दिला. मिरवणुकीची सूचना २८ दिवस आधी द्यावी लागते आणि आयोगाला त्यावर अटी घालता येतात. त्याच वर्षी त्या रस्त्यावरून जाण्यास मनाई झाली.

जागेपुरते स्मरणही सुरक्षित राहतेच असे नाही, हे १ जानेवारी २०१८च्या कोरेगाव परिसरातील हिंसाचाराने दाखवून दिले. मात्र त्यावरचा उपाय स्मरण थांबवणे हा नव्हे. शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(ब)ने दिला आहे. सार्वजनिक व्यवस्थेसाठी त्यावर वाजवी बंधने येऊ शकतात. पण अधिकाऱ्याची अनिर्बंध मर्जी हे वाजवी बंधन नव्हे, असे हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितले.

हे सर्व बेळगावच्या वाचकांना सांगण्याचे कारण उघड आहे. १ नोव्हेंबरला त्या शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे मराठी भाषिक काळा दिन पाळतात. एकच दिवस, एकच शहर, दोन स्मृती. परवानगीचा निर्णय प्रशासन करते आणि ते प्रशासन एका पक्षाच्या राज्याचे असते. स्वतःच्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व आम्ही वकील पहिल्याच वर्षी शिकतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मिरवणुकांसाठी आपल्याकडेही स्वतंत्र प्राधिकरण असावे, मुदत ठरलेली असावी आणि नकाराची कारणे लेखी द्यावीत, ही मागणी आपण केली पाहिजे.

तीच मागणी आपल्यालाही बांधील करते. जो नियम आपण बेळगावात मराठीसाठी मागू, तोच कोल्हापुरात, सोलापुरात कानडी बांधवांसाठी मान्य करावा लागेल. आपल्या दारावरून कोणी त्याचा दिवस साजरा करीत गेला तर आपण काय करू, याचे उत्तर आधी स्वतःला द्यावे आणि मग परवानगीचा अर्ज लिहावा.