जमीन पाहून बी, वाट पाहून टायर



बियाणे, खते आणि फवारणी यांवर लिहिणाऱ्या माणसाने टायरवर का लिहावे, असे काहींना वाटेल. पण आज पुष्कळ घरांत बैलगाडीची निम्मी कामे मोटारसायकलवर आली आहेत. पहाटे दुधाचे कॅन डेअरीला जातात, दुपारी वैरणीचा भारा येतो, संध्याकाळी मोटार चालू करायला विहिरीवर जावे लागते. ही गाडी कधी डांबरी सडकेवर असते, कधी मुरमात, तर कधी पाणंदीच्या चिखलात. म्हणून तिच्या टायरची निवड हा शेतीच्या औजाराइतकाच घरचा प्रश्न आहे.

दुसरे कारण माझ्यापुरते आहे. या बाबतीत मी एकदा अर्धाच सल्ला दिला होता.

२०२२ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मांजरा काठच्या एका गावात सोयाबीनच्या पेरणीची पाहणी करून निघालो होतो. जमीन भारी काळी. तेथील एका तरुण शेतकऱ्याने जुनी ट्रेल जातीची मोटारसायकल, म्हणजे कच्च्या वाटेसाठी बनवलेली उंच गाडी, विकत घेतली होती. त्याने विचारले, "साहेब, पावसाळ्यात मळ्यात जाता येईना. ठळक बटणांचे टायर टाकू का?" मी मातीकडे पाहिले आणि म्हणालो, "टाका. या रानात तेच चालतील." ती गाडी बाकीचा दिवस कोठे फिरते, हे मी विचारले नाही.

पुढच्याच महिन्यात कळले की पोराचा पाय मोडला. मळ्यात नव्हे, डेअरीहून परत येताना, ओल्या डांबरी सडकेच्या वळणावर. भेटायला गेलो तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "साहेब, रान सोपं गेलं हो, सडकच आडवी आली." तीन महिने घरचा कर्ता हात अंथरुणावर. कोळपणी राहिली, तण वाढले, फवारणी मजुराच्या सवडीने झाली. तेव्हापासून कोणी टायरविषयी विचारले की मी आधी वाट विचारतो, मग माती.

बटणे कोठे चालतात, कोठे नाही

टायरच्या अंगावरील उंचवटे आणि खाचा यांना आपण नक्षी म्हणू. बटण टायरची नक्षी मोठी आणि विरळ असते. मऊ जमिनीत ही बटणे कुदळीच्या पात्यासारखी रुततात आणि गाडी पुढे ढकलतात. दोन बटणांमधील जागा मोकळी असल्याने चाक फिरताना माती तेथून फेकली जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला उंच आडवे दाते असतात, त्यांचेही काम हेच.

डांबरी सडकेवर मात्र बटणे रुतत नाहीत. सगळी गाडी बटणांच्या माथ्यावर उभी राहते, म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी होते. वळताना उंच बटणे वाकतात. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते, आणि सडक ओली असेल तर ते आणखी वाढते. शिवाय डांबरावर ही बटणे लवकर झिजतात, म्हणजे पैसेही लवकर जातात.

आता भारी काळ्या मातीविषयी. या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा चाळीस ते साठ टक्के असते. पाणी मिळाले की ती फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. थोड्या ओलीत बटण टायर चालतो. पण पाऊस मुरून माती चिवट झाली की विरळ बटणांमधील जागाही भरून जाते आणि टायर गोटा होतो. पुढे तीच माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटून बसते व चाक अडते. अशा दिवशी कोणताही टायर उपयोगाचा नाही. गाडी पाणंदीच्या तोंडाशी लावावी आणि चालत जावे. यात कमीपणा नाही.

मुरमाड आणि दगडगोट्यांच्या वाटेला दाट बसवलेली मध्यम बटणे व जाड, मजबूत बगला असलेला टायर चांगला. कोकणातील जांभ्याच्या वाटेवर खडे बोचतात आणि पावसात शेवाळ धरते. तेथेही फार विरळ बटणे घेऊ नयेत. शेवाळलेल्या दगडावर ती सडकेप्रमाणेच माथ्यावर उभी राहतात. नदीकाठच्या वाळूत रुंद टायर बरा पडतो.

आठ दिवसांची वही

मग निवड कशी करावी? माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, असे आपण म्हणतो. तसेच येथे करावे. आठ दिवस गाडीच्या फेऱ्या वहीत लिहाव्यात आणि तीन रकाने पाडावेत: डांबरी किती, मुरूम किती, चिखल किती. मुलांना हे काम सांगितले तर ती आवडीने करतात.

समजा, डेअरी सहा किलोमीटरवर आहे आणि मळा गावापासून एक किलोमीटर आत आहे. रोज डेअरीची एक खेप आणि मळ्याची एक खेप धरली, तर चौदा किलोमीटरपैकी बारा डांबरी आणि दोनच पाणंदीचे निघतात. तरीही आपण टायर निवडताना त्या दोन किलोमीटरचाच विचार करतो, कारण गाडी घसरते ती तेथे.

येथेच चूक होते. पाणंदीत गाडीचा वेग चालत्या माणसापेक्षा थोडा जास्त असतो. तेथे पडलो तर बहुधा कपडे मळतात, गुडघा खरचटतो. सडकेवर वेग चाळीस-पन्नास असतो आणि समोरून ट्रक येत असतो. म्हणून गाडी कोठे जास्त वेळा घसरते एवढेच पाहू नये, कोठे पडलो तर जास्त नुकसान होईल हे पाहावे. टायर त्या जागेसाठी निवडावा, आणि दुसऱ्या जागी वेग व सवय सांभाळून निभावून न्यावे.

त्यानुसार साधा हिशेब असा. तीन हिस्से डांबर आणि एक हिस्सा कच्ची वाट असेल, तर सडकेकडे झुकणारा दुहेरी वापराचा टायर घ्यावा. याची नक्षी दाट, पण खाचा साध्या टायरपेक्षा खोल असतात. निम्मे-निम्मे असेल तर मध्यम बटणांचा टायर घ्यावा, आणि ओल्या सडकेवर वेग कमी ठेवावा. पूर्ण विरळ बटणांचा टायर फक्त शिवारातच राहणाऱ्या गाडीला टाकावा. डेअरी, बाजार आणि शाळा करणाऱ्या गाडीला तो नको.

मागचा टायर लवकर झिजतो, कारण इंजिनाची ओढ आणि ओझे त्याच्यावर असते. त्यामुळे नवा टायर मागे टाकायचा आणि पुढचा गोटा झाला तरी चालवायचा, अशी पद्धत पडली आहे. ती सोडावी. मागचे चाक घसरले तर पुष्कळदा सावरता येते. पुढचे घसरले की सावरायला वेळच मिळत नाही. शक्यतो दोन्ही टायर एकाच जातीचे असावेत.

टायरवरची अक्षरे वाचावीत

खताच्या पोत्यावरील आकडे आपण वाचतो, तसे टायरच्या बगलेवरील आकडेही वाचायला शिकावे. २.७५-१८ असे असेल तर टायर पावणेतीन इंच रुंद आणि रिम अठरा इंची. ९०/९०-२१ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, बगलेची उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम २१ इंची. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ मध्ये आणि हिरोची एक्सपल्स २०० ही गाडी २०१९ मध्ये बाजारात आली. दोन्हींना पुढे २१ इंची चाक देण्यात आले. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि दगडावर सहज चढते. बैलगाडीचे चाक मोठे असण्याचा एक फायदा हाच आहे.

कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर हौसेने बसवू नये. तो रिमवर नीट बसत नाही, साखळीला घासू शकतो, आणि मडगार्डखालची जागा कमी झाल्याने चिखल लवकर दाटतो.

मापाच्या पुढे ओझ्याचा आकडा असतो. ४७ म्हणजे त्या टायरची पेलण्याची मर्यादा १७५ किलो. चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन घेतले तर नुसते दूधच ८२ किलोच्या आसपास भरते. त्यात कॅनचे, गाडीचे आणि चालवणाऱ्याचे वजन मिळवा. हे ओझे बहुतेक मागच्या चाकावरच येते. दूध वाहणाऱ्यांनी नक्षीच्या आधी हा आकडा पाहावा.

चार आकड्यांची एक खूण लहान चौकटीत असते. २३२५ असे असेल तर टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर पडून राहिले तरी कडक होते, म्हणून जुना माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. आयएसआय खूण पाहावी. बगलेवर बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरेल असा टायर बसवून घ्यावा. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर थोडा निसरडा असतो, तोवर सावकाश चालवावे.

हवा आणि काटे

रबरी नळीत हवा भरून चाक चालवण्याची युक्ती १८८८ साली पेटंट घेऊन रूढ केली ती जॉन बॉइड डनलॉप यांनी. आयर्लंडमधील बेलफास्ट येथे ते जनावरांचे डॉक्टर होते. लेकाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी ती केली. त्यातून घ्यायचा धडा हा की ओझे पेलते ती आतली हवा, रबर नव्हे.

हवा किती भरावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. एकट्यासाठी वेगळी, ओझ्यासाठी वेगळी. चिखलात किंवा वाळूत जायचे असेल तर तीन-चार पौंड कमी केल्याने टायर पसरतो आणि पकड सुधारते. पण ओझे असेल तर कमी करू नये. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा फार उतरवली, तर दगडावर आदळताना रिम आणि दगड यांमध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. सडकेला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. त्यासाठी घरी एक पायपंप आणि हवा मोजायचे लहान मीटर ठेवावे.

बाभळीच्या काट्याने पंक्चर झाले तर ट्यूब जोडून भागत नाही. मोडलेले टोक टायरच्या आत राहते आणि चार दिवसांत पुन्हा तेथेच भोक पाडते. फडक्याने टायरची आतली बाजू चाचपून टोक काढून घ्यावे. तारांच्या चाकाला ट्यूबविना चालणारा टायर लावण्याचा आग्रह धरू नये. रिम तशी बनवलेली नसेल तर हवा टिकत नाही. डिझेल किंवा ऑइल सांडलेल्या जागी गाडी उभी करू नये, त्याने रबर खराब होते.

त्या तरुणाचा पाय आता बरा आहे. गाडीही तीच आहे, फक्त टायर मध्यम नक्षीचे आहेत. मृगाचा मोठा पाऊस झाला की गाडी पाणंदीच्या तोंडाशी लिंबाखाली उभी दिसते. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा तो विळा खांद्यावर टाकून, चपला हातात घेऊन चिखलातून मळ्याकडे निघाला होता. मीही माझी गाडी तेथेच लावली आणि त्याच्या मागे चालू लागलो.