स्वामींचे हृदय आणि कथेचा उरलेला भाग

१९७० साली अमेरिकेतील टोपेका येथे, मेनिंजर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत, हिमालयातील परंपरेतले स्वामी राम अंगाला तारा जोडून बसले होते. एकाच तळहातावरील दोन जागांच्या तापमानात त्यांनी सुमारे १० अंश फॅरनहाइटचा फरक पाडून दाखविला. पुढे त्यांनी हृदय 'थांबविले', ही कथा आपल्याकडील शिबिरांतून आजही रंगवून सांगितली जाते. तिचा उरलेला भाग मात्र कोणी सांगत नाही. संशोधक एल्मर ग्रीन यांच्या नोंदीनुसार हृदय थांबले नव्हते. सुमारे १७ सेकंद ते मिनिटाला ३०० च्या आसपास वेगाने नुसते फडफडत होते. अशा फडफडीत रक्त नीट पुढे ढकलले जात नाही, म्हणून नाडी लागत नाही. त्याआधी वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी भारतातील योग्यांची अशीच तपासणी केली होती. श्वास रोखून छातीचे स्नायू आवळल्याने नाडी लुप्त होई, आलेखावर ठोके मात्र उमटतच राहत.

यात योगाची मानहानी कुठे झाली? तळहाताचे तापमान बदलणे ही लहान गोष्ट आहे काय? बायोफीडबॅक नावाची उपचारपद्धती त्याच तत्त्वावर उभी आहे. बोटाला संवेदक लावायचा, तापमानाचा आकडा रुग्णाच्या डोळ्यांसमोर ठेवायचा. आकडा कशाने चढतो हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. पण चढलेला दिसतो, आणि शरीर हळूहळू ती वाट शिकते. पुढे यंत्राची गरज उरत नाही. अर्धशिशी आणि ताणाने होणारी डोकेदुखी यांत याचा उपयोग दिसून आला आहे. उच्च रक्तदाबात मात्र हा औषधाला पर्याय नव्हे. शिबिरातून परतताच गोळी बंद करणारे गृहस्थ आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

याच क्षेत्रातील नील मिलर यांचे उंदरांवरील प्रयोग १९६० च्या दशकात फार गाजले. पुढे तेच निष्कर्ष पुन्हा मिळेनात, तेव्हा ते १९७४ मध्ये स्वतः मिलर यांनीच प्रसिद्ध केले. आपल्याकडे हा बाणा नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापिले, ते क्ष-किरण आणि दाबमापक हाती घेऊनच. नौलीच्या वेळी आतड्यात किती दाब उतरतो, हे त्यांनी मोजून 'योग मीमांसा'त छापले. गुरूने सांगितले एवढ्यावर ते थांबले नाहीत.

या पद्धतीचा एक उपयोग घराघरांत पोहोचायला हवा. बाळंतपणानंतर किंवा उतारवयात खोकताना, हसताना लघवी निसटते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नेमके कसे आवळायचे, हे यंत्रावर पाहून शिकता येते आणि त्रास पुष्कळ कमी होतो. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जावे लागते. आपल्या घरांतील कितीतरी माता-भगिनी तिथवर न जाता, कोणालाही न सांगता, प्रवास आणि लग्नकार्ये तेवढी टाळीत आल्या आहेत.