वाढत्या अंगाची सायकल

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. गणवेशाची पँट खालून दुमडून शिवायची, बूट एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस भरायचा. त्यात फारसे बिघडत नाही. पोरगं थोडं गबाळं दिसतं, एवढेच. पण हाच हिशेब सायकलच्या दुकानातही लावला जातो आणि तिथे तो महागात पडतो.

दिवाळीच्या किंवा वाढदिवसाच्या आसपास कुठल्याही सायकलच्या दुकानात हा संवाद ऐकू येतो. मुलगा सात वर्षांचा. वडील विचारतात, कुठली घ्यावी? दुकानदार सांगतो, ‘‘२० इंची घेतलीत तर वर्षभरात छोटी पडेल, साहेब. २४ न्या, पुढची पाच वर्षं बघायला नको.’’ वडिलांना हे पटते. मुलाचे मापाकडे लक्षच नसते. त्याचे डोळे जाड खाचांच्या टायरवर, पुढच्या-मागच्या शॉकअपवर, चकचकीत डिस्क ब्रेकवर आणि गिअरच्या आकड्यावर खिळलेले असतात. रस्त्यावर अंधुकसाही डोंगर नसलेल्या वस्तीत माउंटन बाइक घरी येते.

या सायकलचा जन्म १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात झाला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टमालपाइस या डोंगराच्या कच्च्या उतारांवरून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली सुसाट सोडत. १९७६ मध्ये त्याच परिसरात ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. उतरताना मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. आज माउंटन बाइकवर जे भाग दिसतात, त्यातले बरेचसे अशा मोठ्या माणसांच्या, त्यांच्या वजनाच्या आणि वेगाच्या गरजेतून आले. मुलांच्या सायकलवर त्यांची बहुतेक वेळा फक्त नक्कल असते.

शॉकअपचेच पाहा. स्प्रिंग दबली तर धक्का शोषला जाणार, आणि ती दबायला वर बसणाऱ्याचे वजन हवे. सात वर्षांच्या मुलाचे वजन २०-२२ किलो. त्याच्या सायकलमधली स्प्रिंग अनेकदा इतकी कडक असते की मुलाने उड्या मारल्या तरी ती ढिम्म हलत नाही. दुकानात वडील स्वतः हँडल दाबून बघतात, ती दबते आणि त्यांचे समाधान होते! दबायला हवी ती मुलाच्या वजनाने. नाही दबली, तर तो शॉकअप म्हणजे नुसते वाहून न्यायचे लोखंड. मुलांना धक्क्यापासून खरे वाचवतात ते रुंद टायर आणि त्यातली बेताची हवा. कमाल किती हवा भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेले असते. हलक्या मुलासाठी त्याहून बरीच कमी पुरते.

आता वजन. पोलादी सांगाडा, दोन शॉकअप आणि डिस्क ब्रेक असलेली २० इंची सायकल १३-१४ किलो सहज भरते. म्हणजे मुलाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक. सत्तर किलोंच्या बापाला याच प्रमाणात चाळीस किलोंहून जड सायकल दिली तर तो ती सोसायटीच्या गेटपर्यंतसुद्धा नेणार नाही. मुलगा मात्र ‘आळशी झालाय, नवी सायकल दिली तरी चालवत नाही’ असे ऐकून घेतो. जड सायकल कलली की मुलाला सावरता येत नाही, चढावर ती ओढत नाही आणि उतारावर थांबत नाही. फ्रिजवर लिटर आणि टीव्हीवर इंच लिहिलेले असतात. मुलांच्या सायकलवर वजन लिहिलेले क्वचितच दिसते. ते ठळक छापणे उत्पादकांवर बंधनकारक व्हायला हवे. तोवर दुकानात वजनकाटा मागावा. आधी आपण एकट्याने उभे राहायचे, मग सायकल उचलून. वजाबाकी सोपी आहे.

गिअरबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पुढे तीन आणि मागे सात चकत्या म्हणजे २१ गिअर, पण त्यातल्या अनेक जोड्या जवळपास सारखाच परिणाम देतात. दहा वर्षांखालच्या मुलाला सपाट गावात गिअर नसले तरी चालतात. चढउतार असतील तर मागचे सहा-सात पुरे.

खरी काळजी करायची ती मापाची. सायकलवरचा २० किंवा २४ हा आकडा चाकाचा आहे, मुलाचा नव्हे. साधारणपणे २० इंची सायकल सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना आणि २४ इंची त्यापुढच्यांना बसते; पण एकाच आकड्याच्या दोन सायकलींचे सांगाडे वेगळे असू शकतात. म्हणून मुलाला दुकानात नेल्याशिवाय, त्याला ‘सरप्राइज’ देण्यासाठी सायकल घेऊ नये. बूट घालून सायकलच्या मधल्या दांडीवर दोन्हीकडे पाय टाकून त्याला उभे करावे. जांघ आणि दांडी यांच्यात निदान दोन इंच जागा हवी. ती नसेल तर अचानक थांबताना मुलगा सीटवरून पुढे घसरतो आणि सरळ दांडीवर आपटतो. मुलग्यांमध्ये अशा माराने मूत्रमार्गाला इजा होते, मुलींमध्येही नाजूक भागाला जखमा होतात, आणि दोघेही लाजेने घरी सांगत नाहीत. नवशिक्याचे दोन्ही तळपाय सीटवर बसून जमिनीला टेकायला हवेत. हात सरावला की चवडे टेकले तरी चालते.

त्यानंतर ब्रेक. डिस्क ब्रेक वाईट नाहीत. पावसात रिम ओली झाली की साधे रबरी ब्रेक कमी पकडतात, तेव्हा डिस्कचा उपयोग होतो. मात्र ब्रेक कुठला याआधी तो मुलाच्या बोटांना पोचतो का, हे बघायला हवे. अनेक मुलांच्या सायकलींवर ब्रेकची मूठ मोठ्या माणसाच्या पंजाच्या मापाची असते. सात वर्षांच्या मुलाची बोटे तिच्या टोकाशी जेमतेम लागतात. ती ओढायची तर हँडलवरची पकड सोडावी लागते, आणि नेमका तेव्हाच हात घट्ट असायला हवा असतो. बहुतेक मुठींच्या मुळाशी एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण कोणी सांगितल्याशिवाय दुकानात ते होत नाही. नंतर मुलाने स्वतः ब्रेक दाबावा आणि आपण सायकल पुढे ढकलावी. चाक फिरले तर ब्रेक नाही असेच समजावे, मग त्यावर काहीही कोरलेले असो.

आता सायकलचा असा भाग, ज्याकडे खरेदीच्या वेळी कोणीच पाहत नाही. हँडलचे टोक.

सायकल सतत आडवी टाकून ठेवली जाते, भिंतीला घासते आणि रबरी ग्रिपचे टोक फाटते. आतून पोकळ नळीची उघडी कड बाहेर येते. मुलगा पडतो तेव्हा पुढचे चाक आडवे वळते आणि हँडलचे एक टोक थेट त्याच्या पोटाकडे रोखले जाते. वेग फार नसतो. कधीकधी तर सायकल जवळजवळ थांबलेलीच असते. पण अख्ख्या अंगाचा भार रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर येतो. मुलांच्या पोटाची भिंत पातळ असते, यकृत आणि प्लीहा बरगड्यांखाली मोठ्यांइतके झाकलेले नसतात, आणि स्वादुपिंड तर पाठीच्या कण्यावर आडवेच पसरलेले असते. समोरून नळी आणि मागून कणा यांच्यामध्ये ते चेपले जाते.

फसवे असते ते यानंतरचे चित्र. मुलगा उठतो, कपडे झटकतो, कधी रडतही नाही. पोटावर एक गोल लालसर वण, बस्स. घरी सांगितले तर सायकल बंद होईल, म्हणून तो गप्प राहतो. रात्री जेवण नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात आणि ‘बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल’ म्हणून ओवा, नाहीतर मेडिकलमधून आणलेले उलटीचे औषध दिले जाते. सरकारी रुग्णालयात मूल पोचते तेव्हा एखाद-दोन दिवस निघून गेलेले असतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रक्त साकळून वाट बंद झाली असेल तर उलटी हिरवी होते. प्लीहा फाटली असेल तर मूल पांढरे पडते, क्वचित डावा खांदा दुखतो असे सांगते आणि खांद्याला तर काहीच लागलेले नसते. स्वादुपिंडाच्या इजेत सुरुवातीच्या रक्ततपासण्याही कधीकधी ठीक येतात.

म्हणून पोटावर हँडल लागल्याचे कळले, तर मूल खेळत असले तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे आणि ‘हँडलचे टोक पोटात लागले’ हे शब्द उच्चारून सांगावे. नुसते ‘सायकलवरून पडला’ म्हटले की सगळ्यांचे लक्ष गुडघ्याकडे आणि कोपराकडे जाते. बहुतेक मुले नुसत्या निरीक्षणावर, शस्त्रक्रियेविना बरी होतात, पण निरीक्षण वेळेत सुरू व्हावे लागते. यावरचा उपाय म्हणजे टोकाला बसवायचे एक बूच आणि फाटली की बदलायची ग्रिप. हजारो रुपयांच्या शॉकअपची चौकशी करणाऱ्या पालकांनी आधी या ग्रिपकडे पाहावे.

साखळीवर कव्हर नसणे ही याच सायकलींची आणखी एक खोड. डोंगरात चिखल अडकू नये म्हणून ते काढले गेले. गल्लीत मात्र घरातले दोन वर्षांचे धाकटे भावंड उलट्या ठेवलेल्या सायकलचे पायडल फिरवत त्यात बोट घालते. कॅरिअरही नसते, म्हणून मित्र मागच्या चाकाच्या खुंट्यांवर उभा राहतो आणि त्याची टाच तारांत जाते. कव्हर वेगळे मिळते. खुंट्या काढून टाकता येतात.

हेल्मेट सायकलचेच हवे; बापाचे मोटारसायकलचे हेल्मेट मुलाच्या मानेला पेलत नाही. भुवयांच्या वर दोन बोटांपर्यंत ते आडवे बसावे, पट्टे कानांभोवती यावेत, हनुवटीखाली एक बोट जावे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला फोम चेपलेला असतो. ते टाकून द्यावे, धाकट्याला देऊ नये.

हे सगळे वाचून सायकल नकोच, असे कोणी ठरवू नये. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि मोबाइलला चिकटलेल्या मुलाला तो तास सायकलशिवाय कशाने मिळणार? प्रश्न उरतो तो ‘वर्षभरात छोटी पडेल’ याचा. ती वर्षात नाही, साधारण दोन-तीन वर्षांत पडते. सीट वर घेता येते, ब्रेकची मूठ स्क्रू उलटा फिरवून पुन्हा लांब करता येते. सीटखालच्या दांडीवर कमाल उंचीची खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसू लागली की सायकल मामेभावाकडे किंवा शेजारच्या चिंगीकडे जाऊ द्यावी, ग्रिप तेवढी नवी घालून.