विश्लेषण : जननेंद्रियाची ‘सौंदर्य’ शस्त्रक्रिया... संमती पुरेशी आहे का?

नाक, ओठ, त्वचा यांच्यानंतर सौंदर्य उपचारांची बाजारपेठ स्त्रीच्या जननेंद्रियापर्यंत पोहोचली आहे. महानगरांतील क्लिनिकच्या संकेतस्थळांवर ‘लेबियाप्लास्टी’ हा शब्द सर्रास दिसतो. सज्ञान स्त्री स्वतःच्या पैशाने हे करून घेत असेल, तर इतरांना आक्षेप का असावा?

नेमके काय करतात?

योनीच्या आतल्या ओठांचा भाग कापून ते लहान केले जातात. सतत घासून वेदना होत असतील तर तो उपचारच आहे. केवळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया केली, तरी रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रण आणि संवेदना कमी होणे हे धोके तेवढेच राहतात.

‘नॉर्मल’ म्हणजे काय?

लंडनमधील डॉक्टरांनी २००५ मध्ये ५० स्त्रियांची मोजमापे प्रसिद्ध केली. आतल्या ओठांची रुंदी ७ ते ५० मिलिमीटर इतकी वेगवेगळी आढळली. हे मुलींना ना शाळेत सांगितले जाते, ना घरी. ती पोकळी पोर्न आणि जाहिराती भरून काढतात. आधी न्यूनगंड निर्माण करायचा आणि मग त्यावर उपचार विकायचा, असा हा व्यवहार आहे.

कायद्याची भूमिका काय?

ब्रिटनच्या २००३च्या कायद्याने स्त्री जननेंद्रियाची काटछाट हा गुन्हा आहे; शारीरिक वा मानसिक आरोग्यासाठी आवश्यक शस्त्रक्रियेलाच सूट आहे. रूढीची सबब चालत नाही. भारतात दाऊदी बोहरा समाजातील खतनाविरोधी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवली. खतना अजाण मुलीवर लादला जातो, हा फरक मोठा आहे. पण ‘समाज काय म्हणेल’ आणि ‘नवऱ्याला आवडेल का’ ही दोन्ही दडपणे बाईच्याच शरीरावर येऊन थांबतात.

मग बंदी हवी का?

सज्ञान स्त्रीचा निर्णय हिरावून घेणे योग्य नाही. पण संमती माहितीवर उभी असावी. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ मध्येच १८ वर्षांखालील मुलींवर अशी शस्त्रक्रिया सहसा करू नये, असे सांगितले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये लेझरद्वारे होणाऱ्या ‘रिजुव्हनेशन’बाबत भाजणे, व्रण पडणे यांचा इशारा दिला. आपल्याकडेही वयाची अट, आधी समुपदेशन आणि जाहिरातींना लगाम हवा. ‘तुमच्यात काही दोष नाही’ हे सांगण्याचे काम डॉक्टरांनी सुरी हाती घेण्याआधी करावे.