तांबी बसविण्यापूर्वी

दिल्लीच्या हिंदूराव रुग्णालयास हिंदूराव घाटगे या मराठा सरदाराचे नाव आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तेथे काय किंवा आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात काय, तांबी विनामूल्य बसवितात. १९६५ साली आलेल्या ‘लूप’ची पूर्वकल्पना अनेकींना दिलीच गेली नव्हती, रक्तस्राव होताच त्या घाबरल्या व लूप बदनाम झाला. म्हणून हे आधीच सांगणे बरे. तांबी बसविण्यास काही मिनिटे पुरतात. ओटीपोटात कळ येते. पुढे ३ ते ६ महिने पाळीत अंगावरून अधिक जाते, मधूनही डाग दिसतात. बहुधा हे आपोआप कमी होते. मात्र ताप, असह्य वेदना, दुर्गंधी स्राव, चुकलेली पाळी किंवा हाती न लागणारा दोरा, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांस तत्काळ दाखवावे. प्रकारानुसार तांबी ५ किंवा १० वर्षे चालते. मूल हवेसे वाटल्यास त्यापूर्वीही काढून घेता येते.