लिंकवरची दलाली

खांबहून एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले आहे. वय ६७. किराणा दुकान तीन वर्षांपूर्वी बंद केले, मुले नवी मुंबईत नोकरीस, घर ठेवींच्या व्याजावर चालते. भाच्याने सुचविले की, मोबाइलवरून वस्तूंच्या लिंक पाठविल्या तर घरबसल्या महिन्याला पंधरा-वीस हजार सुटतात. मात्र आरंभी नोंदणीसाठी सहा हजार भरावे लागतील. ‘हा धंदा खरा की खोटा?’ असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

धंदा खरा आहे. पण ज्या धंद्यात सहा हजार भरावे लागतात, तो हा नव्हे.

इंग्रजीत ज्याला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात, ती आपल्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली दलालीच होय. माल आपला नाही, गोदाम नाही, उधारी नाही. गिऱ्हाइकाला विक्रेत्यापर्यंत पोहोचवावयाचे आणि व्यवहार झाला तर विक्रेत्याकडून टक्केवारी घ्यावयाची. अॅमेझॉनने ही पद्धत १९९६ मध्ये अमेरिकेत पुस्तकविक्रीसाठी सुरू केली. भारतात ही कंपनी २०१३ मध्ये आली आणि तिच्यामागून ही दलालीही आली. प्रत्येक दलालाला स्वतंत्र खूण असलेली लिंक मिळते. त्या लिंकवरून कोणी ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर कमिशन जमा होते. वस्तू परत गेली तर कमिशनही जाते. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी केलेली चालत नाही. नोंदणीस मात्र एक पैसाही लागत नाही. ज्या दलालाने माल विकून द्यावयाचा, त्याच्याकडूनच आधी रक्कम मागणारा व्यापारी आपण कधी पाहिला आहे काय?

पेण-रोहा भागातील ज्येष्ठांना जोडउत्पन्नाची ओढ का वाटते, हे मी समजू शकतो. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि जवळजवळ दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेव ठेवली होती, त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे आणि अर्ज करावे लागले. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारे किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरविले गेले. त्यात औषधेही येत नाहीत. दुकानदाराला तर तेवढेही नाही. अशा माणसाला ‘घरबसल्या’ हा शब्द गोड लागतो, आणि फसविणाऱ्यांना तो नेमका माहीत असतो.

स्पीक एशिया हे नाव वाचकांना आठवत असेल. ११,००० रुपये वार्षिक वर्गणी भरावयाची, आठवड्याला दोन प्रश्नावल्या संगणकावर भरावयाच्या आणि प्रत्येकी ५०० रुपये घ्यावयाचे, अशी ती योजना. हिशेब मांडा: वर्षाला ५२,००० रुपये. प्रश्नावली कोणासाठी, त्या उत्तरांचे मोल कोण देतो, हे कोणी विचारीत नव्हते. नवे सभासद आणल्यास वेगळी रक्कम होती. खरे उत्पन्न नव्या सभासदाच्या वर्गणीचेच. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला, तोवर देशभरात सुमारे २४ लाख माणसे त्यात शिरली होती. अशा साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे, आणि थेट विक्रीविषयीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. तरीही त्या नव्या वेषात येतात. हल्ली टेलिग्रामवर ‘टास्क’ देतात. व्हिडिओ पसंत करा, हॉटेलला तारे द्या. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात येतात. तिसऱ्या दिवशी मोठ्या टास्कसाठी आगाऊ रक्कम मागितली जाते, आणि तेथून पैसे परत येत नाहीत. बँकेतील माझ्या अनुभवाने सांगतो, माणूस त्या पहिल्या दोनशे रुपयांमुळेच फसतो. कोणी फसलाच तर लाजून घरी बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठविली जाण्याची शक्यता अधिक.

आता खऱ्या धंद्यातील प्राप्तीचे गणित पाहू. कमिशन वस्तूगणिक बदलते. मोबाइलवर नाममात्र, स्वयंपाकघरातील वस्तूंवर थोडे बरे. सरासरी पाच टक्के धरले तरी महिना ३,००० रुपये मिळविण्यासाठी ६०,००० रुपयांचा माल आपल्या लिंकवरून विकला गेला पाहिजे. खांबसारख्या गावात ६०,००० रुपयांच्या विक्रीसाठी गल्ल्यावर किती उभे राहावे लागते, हे पत्रलेखकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तेच ३,००० रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी (हा दर एप्रिल २०२३ मध्ये झाला) सुमारे ४ लाख ४० हजार रुपये ठेवल्यास मिळतात, आणि त्यासाठी कोणाला लिंक पाठवावी लागत नाही. ज्यांच्याजवळ तेवढी रक्कम मोकळी नाही, त्यांच्यासाठी ही दलाली उरते; पण पहिले वर्ष महिना दोन-चारशे रुपयांचे समजून चालावे.

ज्यांना काही सांगण्यासारखे आहे, त्यांनाच ती साधते. चातुर्मासात हिरव्या भाज्या वर्ज्य असताना कडधान्यांवर स्वयंपाक कसा निभवावा, हे एखाद्या आजींनी मराठीत व्हिडिओ करून दाखविले आणि वापरातल्या कुकरची लिंक खाली दिली, तर ते ऐकले जाईल. चाळीस वर्षे धान्य हाताळलेला किराणा दुकानदार तांदूळ साठविण्याच्या डब्यांविषयी बोलला तर त्यालाही वजन आहे. न वापरलेल्या वस्तूंच्या पन्नास लिंक समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज ओतणे ही मात्र दलाली नव्हे, उपद्रव आहे.

आणि कमिशन मिळते हे सांगावयाचे. मार्केट यार्डातील हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई वेगळी लिहिलेली असते, तसे लिंकखाली एक ओळ मराठीत लिहावी: ‘या लिंकवरून खरेदी झाल्यास मला कमिशन मिळते.’ ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनाही असा संबंध उघड केलेला हवा आहे. ग्रुपवरची माणसे म्हणजे आपले व्याही, साडू, मावसभाऊ. लिंकने त्यांची किंमत सहसा वाढत नाही. पण पुढे दुसऱ्याकडून कळले, तर मिळालेल्या चाळीस रुपयांपायी लग्नाच्या पंगतीत बोलणे ऐकावे लागेल.

कराची बाजू थोडक्यात. एका वर्षात एका देणाऱ्याकडून २०,००० रुपयांवर कमिशन झाले तर एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादेप्रमाणे २ टक्के कर कापला जातो; पॅन न दिल्यास २० टक्के. बँकेत दिलेला १५ एच फॉर्म ठेवींच्या व्याजासाठी आहे, या कमिशनला तो लागू नाही. हे उत्पन्न व्यवसायाचे असल्याने निवृत्त लोक भरतात ते साधे विवरणपत्र चालत नाही. ज्यांचे दुकान अजून चालू आहे, त्यांनी विशेष सावध असावे: उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखविण्याच्या सवलतीतून कमिशन-दलालीचे उत्पन्न वगळलेले आहे, आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक त्याच पॅनवर असेल तर हे कमिशनही त्याच उलाढालीत मोजले जाते. म्हणून ज्यांचे दुकान चालू आहे, त्यांनी नोंदणीपूर्वीच आपल्या सीएंना विचारावे.

पत्रलेखकांनी भाच्याला सहा हजार देऊ नयेत. नोंदणी त्यांनी स्वतः, विनामूल्य करावी, आणि कमिशनसाठी वेगळे बचत खाते उघडावे, ज्यात ठेवींचा एक रुपयाही नसेल.