मशीनमध्ये पाणी का येत नाही?

वॉशिंग मशीन सुरू होते, दिवे लागतात, पण आत पाण्याचा थेंब येत नाही. अशा वेळी घाईने कारागिराला बोलावले जाते, एखादा महागडा भाग बदलला जातो आणि पुष्कळदा दोष मात्र तसाच राहतो. हिशेबात फरक निघाला म्हणून जाणता मुनीम नवी वही मागत नाही. तो पहिल्या नोंदीपासून ताळा घेतो. येथेही तोच क्रम हितावह होय.

आरंभ नळापासून करावा. नळ पूर्ण उघडा आहे ना, मागील नळी भिंतीशी दबून मुडपलेली नाही ना, हे पाहावे. मग प्लग काढून व नळ बंद करून नळी मशीनपासून सोडवावी, तिचे तोंड बादलीत धरावे आणि नळ उघडावा. धार क्षीण असेल तर दोष मशीनचा नसून दाबाचा आहे. अनेक मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो. म्हणजे टाकीतील पाण्याची पातळी सुमारे ३ मीटर उंच हवी. सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीतील टाकी जवळ असल्याने नेमकी हीच उंची अपुरी पडते. तेथे टाकी उंचावणे किंवा दाब वाढवणारा पंप बसवणे हाच उपाय.

धार जोरकस असेल तर नळी जेथे मशीनला जोडली जाते, तेथील बारीक जाळी पाहावी. बोअरच्या पाण्यातील वाळू व क्षार तिथेच साचतात. पकडीने जाळी हलकेच काढून जुन्या ब्रशने धुवावी; क्षार घट्ट असल्यास लिंबूसत्त्व घातलेल्या कोमट पाण्यात भिजवावी. जाळी परत बसवण्यास मात्र विसरू नये, अन्यथा कचरा थेट व्हॉल्व्हमध्ये शिरतो.

समोरून उघडणाऱ्या मशीनचे दार नीट बंद झाल्याखेरीज पाणी सुटत नाही. पाणी येऊन लगेच वाहून जात असेल, तर सांडपाण्याची नळी फार खाली सोडलेली असू शकते. ती माहितीपुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवावी.

एवढे करूनही पाणी न आल्यास व्हॉल्व्ह, दाबाचा स्विच किंवा नियंत्रक पट्टी यांची तपासणी उरते. हे विजेचे काम जाणकारावरच सोपवावे. मात्र काय काय तपासले ते त्याला आधी सांगावे, आणि भाग बदलला तर जुना भाग व पावती मागून घ्यावी.